कॅमेरा डोळ्याला लावण्यापूर्वी: हाताने फोकस करायचा फिल्म कॅमेरा पुण्यात कसा वापरावा

कसबा पेठेतल्या तांबट आळीत एका कारागिराच्या दुकानासमोर मी लायका एम ६ घेऊन उभा होतो. सकाळचे ऊन गल्लीच्या एकाच अंगाला उतरले होते. कारागीर तांब्याच्या हंड्यावर मठारकाम करीत होते. हातोडीचा प्रत्येक ठोका आधीच्या ठोक्याच्या अगदी कडेला पडत होता आणि हंडा त्यांच्या गुडघ्याशी थोडाथोडा फिरत होता. मी आधी उजेड मोजणारा मीटर पाहिला, मग शटरची चकती फिरवली, मग फोकसची कडी, मग पुन्हा मीटर. एवढ्यात त्यांनी हंडा खाली ठेवला, हात पुसले आणि विचारले, "दादा, अजून काढला नाही का फोटो?" तोवर काढण्यासारखे काही उरले नव्हते. या कॅमेऱ्याचे निम्मे काम तो डोळ्याला लावण्यापूर्वी संपलेले असले पाहिजे, हे मला त्या सकाळी पुरते कळले. पुढे लिहिलेले जवळजवळ सगळे त्या एकाच गोष्टीच्या तयारीविषयी आहे. त्यात माझा अनुभव आहे, आणि असेच कॅमेरे वर्षानुवर्षे वापरणाऱ्या पुण्यातल्या चार-पाच जणांची मतेही आहेत. ती मते सगळीकडे जुळत नाहीत, आणि जिथे जुळत नाहीत तिथे मी तसे सांगितले आहे.

कोणता कॅमेरा

एम ६ पहिल्यांदा १९८४ मध्ये आला, २००२ पर्यंत बनत राहिला आणि २०२२ मध्ये कंपनीने तो पुन्हा बाजारात आणला. त्याचे शटर, म्हणजे फिल्मवर उजेड पडू देणारा पडदा, पूर्णपणे यांत्रिक आहे. बॅटरी फक्त मीटरला लागते, त्यामुळे बॅटरी संपली तरी एका सेकंदापासून १/१००० सेकंदापर्यंतचे सगळे वेग चालू राहतात. लेन्स बसवण्याची रचना १९५४ च्या एम ३ पासून तीच असल्यामुळे सत्तर वर्षांपूर्वीची लेन्सही त्यावर बसते. हा रेंजफाइंडर आहे, म्हणजे आपण लेन्समधून न पाहता शेजारच्या खिडकीतून, व्ह्यूफाइंडरमधून, पाहतो.

प्रभात रस्त्यावर राहणारे एक निवृत्त अभियंते एम ३ वापरतात आणि एम ६ घ्यायला अजूनही तयार नाहीत. त्यांचे म्हणणे असे की एम ३ च्या व्ह्यूफाइंडरमध्ये दृश्य ०.९१ पट दिसते, म्हणजे जवळजवळ खऱ्या आकाराचे, तर नेहमीच्या एम ६ मध्ये ते ०.७२ पटच दिसते. त्यामुळे ५० आणि ९० मिलिमीटरच्या लेन्सला एम ३ चा फोकस अधिक अचूक बसतो. हे खरे आहे. परंतु एम ३ मध्ये मीटर नाही आणि ३५ मिलिमीटरच्या, जास्त रुंद दृश्य घेणाऱ्या लेन्सची चौकटही नाही, आणि पेठांच्या अरुंद गल्ल्यांत ३५ नसेल तर पाठ भिंतीला टेकते. माझ्या ओळखीच्या एक डॉक्टर याच्या अगदी उलट टोकाला आहेत. त्या निकॉन एफएम३ए वापरतात. २००१ ते २००६ या काळात बनलेल्या या एसएलआर, म्हणजे आरशामार्फत लेन्समधूनच दृश्य दाखवणाऱ्या, कॅमेऱ्यात हवे तेव्हा शटरचा वेग आपोआप ठरतो आणि बॅटरी नसतानाही १/४००० सेकंदापर्यंतचे वेग यांत्रिकरीत्या मिळतात. "मला लेन्समधून दिसते तेच हवे असते," असे त्या म्हणतात, आणि जवळून चेहरे काढणाऱ्याला मी त्यांचाच सल्ला ऐकायला सांगेन. रस्त्यावर, गर्दीत, चौकटीत शिरण्यापूर्वीच माणूस दिसायला हवा असेल तर मात्र रेंजफाइंडर. चष्मा लावणाऱ्यांनी एक गोष्ट आधी स्वतः पाहून घ्यावी: ०.७२ च्या व्ह्यूफाइंडरमध्ये २८ मिलिमीटरची चौकट चष्म्यातून पूर्ण दिसत नाही.

वापरलेला कॅमेरा घेताना तीन तपासण्या दुकानातच कराव्यात. एक सेकंदाचा वेग लावून शटर दाबावे आणि आतल्या चाकांची घरघर शेवटपर्यंत एकसारखी येते का ते ऐकावे. मध्येच ती अडखळत असेल तर सर्व्हिसिंगचा खर्च किमतीत धरावा. लेन्सचे अ‍ॅपर्चर, म्हणजे उजेड आत सोडणारे छिद्र, पूर्ण उघडून एका बाजूने टॉर्च मारावा आणि दुसऱ्या बाजूने पाहावे. बुरशी असेल तर कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसतात. तिसरी तपासणी रेंजफाइंडरची. लेन्सचा फोकस अनंतावर, म्हणजे सर्वात दूरच्या खुणेवर, ठेवून खूप दूरची उभी रेघ पाहावी आणि मधल्या उजळ चौकोनातल्या दोन प्रतिमा एकमेकींवर बरोबर बसतात का, हे बघावे. स्वच्छ हवेच्या दिवशी पर्वतीवरून दिसणारा सिंहगडावरचा टीव्ही टॉवर या कामाला उत्तम आहे. घेतल्यानंतरही दर सहा महिन्यांनी मी तिथे जाऊन ही तपासणी करतो.

अंतर

नवा मालक सगळ्यात जास्त वेळ त्या उजळ चौकोनात घालवतो. दोन प्रतिमा एक झाल्या की फोकस बसला, हे तत्त्व सोपे आहे. पण चालत्या माणसावर ते करत बसलो तर माणूस निघून जातो. म्हणून अंतराचा अंदाज डोळ्यांना शिकवावा लागतो, आणि तो घरीच शिकता येतो. शिवणाची टेप घ्यावी. आपल्या घराच्या दारापासून समोरच्या भिंतीपर्यंत किती, जेवणाच्या टेबलापलीकडच्या माणसापर्यंत किती, हात लांब केल्यावर बोटांपर्यंत किती, हे मोजून लक्षात ठेवावे. मग बाहेर पडल्यावर एखाद्या खांबाकडे पाहून आधी मनात आकडा धरावा, त्यानंतर कॅमेऱ्याने फोकस करून लेन्सवरचा आकडा वाचावा. पंधरा दिवस रोज दहा मिनिटे एवढे केले की एक, दीड, दोन आणि तीन मीटर ही अंतरे न मोजता कळू लागतात. त्यापुढचे अंतर इतक्या बारकाईने कळण्याची गरज नसते, आणि त्याचे कारण पुढच्या हिशेबात आहे.

३५ मिलिमीटरच्या लेन्सवर अ‍ॅपर्चर एफ/८ लावून (एफचा आकडा मोठा तसे छिद्र लहान आणि स्पष्टतेचा पट्टा मोठा) फोकस ३ मीटरवर ठेवला तर साधारण १.९ मीटरपासून ७.३ मीटरपर्यंतचे सगळे स्वीकारता येईल इतके स्पष्ट येते. लक्ष्मी रस्त्याच्या पदपथावर आपल्याला हवा असलेला माणूस बहुतेक वेळा याच पट्ट्यात असतो. फोकस ५ मीटरच्या किंचित पुढे नेला तर सुमारे अडीच मीटरपासून अनंतापर्यंत सगळे पट्ट्यात येते. शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाजासमोर माणसेही हवीत आणि दरवाजाही हवा, तेव्हा असेच करावे. हे आकडे पाठ करण्याची गरज नाही, कारण लेन्सवर प्रत्येक अ‍ॅपर्चरसाठी दोन्ही बाजूंना खुणा कोरलेल्या असतात. मात्र त्या खुणांनी दाखवलेला पट्टा थोडा उदार असतो. प्रिंट मोठा करायचा असेल तर एफ/८ लावून एफ/५.६ च्या खुणा वाचाव्यात.

उलट बाजूचा हिशेबही तितकाच महत्त्वाचा आहे. ५० मिलिमीटरच्या लेन्सवर एफ/२ लावून एक मीटरवरच्या चेहऱ्यावर फोकस केला तर स्पष्टतेचा पट्टा जेमतेम साडेचार सेंटीमीटरचा उरतो. डोळा स्पष्ट आला तर कान येत नाही. अशा वेळी फोकस झाल्यावर चौकट जुळवण्यासाठी कॅमेरा वळवताना आपले शरीर पुढेमागे होता कामा नये. मी श्वास सोडून थांबतो आणि समोरच्याच्या जवळच्या डोळ्यातल्या उजेडाच्या ठिपक्यावर दोन प्रतिमा जुळवतो. कारण गाल किंवा कपाळ यांच्यावर जुळवायला रेघच सापडत नाही. उजेड समोरून येत असेल तर जुन्या एम ६ मधला तो चौकोन पांढरा पडून दिसेनासा होतो. डोळा खिडकीच्या मध्यापासून थोडा सरकवला की तो बहुधा परत दिसतो. २०२२ च्या एम ६ मध्ये हा त्रास बराच कमी आहे.

लेन्सखाली बोटासाठी टॅब असेल तर तिचा पुरेपूर उपयोग करावा. टॅब सरळ खाली असताना आपल्या लेन्सवर किती अंतर येते, डावीकडे टेकली की किती, उजवीकडे टेकली की किती, हे एकदा पाहून ठेवावे. पुढे बोट टॅबवर ठेवल्याबरोबर फोकस कुठे आहे हे खाली न पाहता कळते, आणि कॅमेरा वर येईपर्यंत तो हव्या त्या जागी गेलेला असतो. ही सवय लागायला मला जवळजवळ एक वर्ष लागले. या कॅमेऱ्यासाठी दिलेल्या पैशांचे खरे मोल मला तिथेच मिळाले, असे मी मानतो.

उजेड

पुण्यातल्या स्वच्छ उन्हात जुना नियम बिनचूक चालतो: अ‍ॅपर्चर एफ/१६ आणि शटरचा वेग फिल्मच्या आयएसओइतका, म्हणजे तिच्या उजेडाच्या संवेदनशीलतेच्या आकड्याइतका. ४०० च्या फिल्मला १/५००, १०० च्या फिल्मला १/१२५. मोकळ्या सावलीत याहून तीन स्टॉप (दर स्टॉपला उजेड दुप्पट) उघडावे लागतात, म्हणजे ४०० ला १/५०० वर एफ/५.६. रात्री ट्यूबलाइट असलेल्या खोलीत ४०० ची फिल्म, एफ/२ आणि १/३० इथून सुरुवात करावी. घराबाहेर पडताना पहिला आकडा कॅमेऱ्यावर लावूनच निघावे आणि उन्हातून सावलीत शिरताना, कॅमेरा न उचलता, अ‍ॅपर्चरची कडी तीन टिचक्या फिरवावी. कडी अर्ध्या स्टॉपला टिचकत असेल तर सहा.

याच हिशेबातून एक महागडी चूक टळते. एम ६ चा सर्वात वेगवान आकडा १/१००० आहे. ४०० ची फिल्म घालून भर उन्हात गेलो तर एफ/११ पेक्षा जास्त उघडताच येत नाही, आणि १०० ची घातली तरी एफ/५.६ वर थांबावे लागते. माझ्या एका मित्राने मोठी रक्कम देऊन एफ/१.४ ची लेन्स घेतली आणि पहिला उन्हाळा ती एफ/११ वरच वापरली. ती लेन्स सुंदर आहे, पण ती तिन्हीसांजेची आणि घरातल्या उजेडाची आहे. दिवसा फिरणाऱ्याने एफ/२ किंवा एफ/२.८ ची हलकी लेन्स घ्यावी आणि उरलेले पैसे फिल्मवर घालावेत, असे माझे ठाम मत आहे. त्या मित्राचे मत अजूनही वेगळे आहे.

एम ६ चा मीटर शटरच्या पडद्यावरच्या एका पांढऱ्या ठिपक्यावरून परतणारा उजेड मोजतो. व्ह्यूफाइंडरमधल्या चौकटीच्या उंचीच्या साधारण निम्म्या व्यासाचे मधले वर्तुळ म्हणजे त्याचे क्षेत्र. त्या वर्तुळात जे येईल ते मध्यम करड्या रंगाचे आहे, असे तो गृहीत धरतो. त्यामुळे पालखीतल्या पांढऱ्या धोतर-सदऱ्यांच्या दिंडीवर मीटर धरला तर तो उजेड जास्त आहे असे समजून फोटो काळवंडवतो. तिथे एक ते दीड स्टॉप जास्त द्यावा. पाताळेश्वराच्या लेण्यात याच्या उलट होते. तो दगड काळा बेसाल्ट आहे, आणि मीटर त्याला करडा करायला निघतो; तिथे एक स्टॉप कमी करावा, नाहीतर दगडाचा काळेपणा जातो आणि नंदीमंडपाबाहेरचे ऊन पांढरेफटक होते. तांबट आळीतल्या हंड्यावरून मोजण्यात तर अर्थच नाही, कारण प्रत्येक ठोक्याच्या खळगीत ऊन वेगळे चमकते. तिथे आपला तळहात त्याच उजेडात धरून त्यावर मोजावे आणि एक स्टॉप जास्त द्यावा. तळहात मध्यम करड्यापेक्षा साधारण तेवढाच उजळ असतो.

शंका आली तर निगेटिव्ह फिल्मला जास्त उजेड द्यावा. एचपी५ प्लस, ट्राय-एक्स किंवा पोर्ट्रा ४०० या फिल्म दोन स्टॉप जास्त सहज सोसतात. कमी पडले तर सावलीतला तपशील निगेटिव्हवर येतच नाही आणि नंतर कोणी तो आणू शकत नाही. स्लाइड फिल्मचे उलटे आहे. तिला अर्धा स्टॉपही जास्त झाला की उजळ भाग जातो.

रोल भरणे

काही वर्षांपूर्वी पालखी पुण्यात मुक्कामी असताना मी नाना पेठेत निवडुंग्या विठोबाच्या परिसरात सकाळपासून फिरत होतो. पाऊस येऊन-जाऊन होता. रोल मी एका दुकानाच्या पत्र्याखाली उभा राहून घाईने भरला होता. दुपारी फोटोंचा आकडा ३६ वर, म्हणजे रोलच्या शेवटावर, आला, मग ३८, मग ४०, आणि फिल्म पुढे सरकवणारी लिव्हर अजूनही हलकी फिरत होती. फिल्म पुढे गेलेलीच नव्हती. पाय चेपून घेणाऱ्या एका म्हाताऱ्या वारकरी बाईंचा चेहरा मला आजही आठवतो, आणि त्याचा फोटो नाही.

तेव्हापासून मी एकच क्रम पाळतो. खालची प्लेट काढून ती डाव्या खिशात ठेवतो. मागचे दार उघडतो. फिल्मचे टोक तीन पाकळ्यांच्या स्पूलमध्ये पलीकडून बाहेर दिसेपर्यंत घालतो आणि मग डबी व टोक दोन्ही एकदम वरपर्यंत ढकलतो. दार उघडे असतानाच लिव्हर एकदा फिरवून दोन्ही कडांची भोके दातांवर बसली का ते पाहतो, आणि त्यानंतरच दार व प्लेट बंद करतो. शेवटची पायरी सर्वात महत्त्वाची आहे: रिवाइंडची खुंटी बाणाच्या दिशेने हलके फिरवून फिल्ममधला ढिलेपणा काढून घ्यावा, आणि पुढचे दोन कोरे फोटो घेताना लिव्हरबरोबर ती खुंटी उलट फिरते का, हे डोळ्यांनी पाहावे. फिरत असेल तर फिल्म चालते आहे. फिरत नसेल तर तिथल्या तिथे उघडावे. दोन फोटो वाया गेले तरी चालतील.

ऊन आणि पाऊस

रेंजफाइंडरमध्ये आरसा नसतो, त्यामुळे लेन्स आणि शटरच्या कापडी पडद्यात काहीच आड येत नाही. कॅमेरा टेबलावर आकाशाकडे तोंड करून ठेवला आणि फोकस अनंतावर असला तर भिंगातून सूर्य पडद्यावर गोळा होतो आणि पडद्याला भोक पडते. एप्रिल-मे महिन्यांत सिंहगड चढताना गळ्यातल्या कॅमेऱ्याचे तोंड कुठे आहे, याकडे लक्ष ठेवावे. लेन्सला टोपी लावणे हा उपाय आहे, पण शेजारच्या खिडकीतून पाहताना टोपी लागलेली दिसत नाही आणि पूर्ण रोल कोरा जाऊ शकतो. म्हणून चालताना मी लेन्स एफ/१६ आणि सर्वात जवळच्या अंतरावर ठेवतो आणि पिशवीत जातानाच टोपी लावतो. जुन्या एम ६ मध्ये त्या वेळी शटरची चकती 'बी' या खुणेवर (बटण दाबलेले असेपर्यंत शटर उघडे) ठेवावी, म्हणजे बटण दाबले जाऊन मीटरची बॅटरी खर्च होत नाही.

पुण्याचा पावसाळा कॅमेऱ्यापेक्षा लेन्सचा शत्रू आहे. जून ते सप्टेंबर चामड्याच्या केसमध्ये कॅमेरा ठेवू नये. चामडे ओल धरते आणि बुरशीला तेच हवे असते. घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा, त्यात सिलिका जेल आणि आर्द्रता दाखवणारा लहान मीटर, एवढे पुरते. काटा ४० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान असावा. सिलिका जेलचा रंग बदलला की ते तव्यावर मंद आचेवर गरम करून पुन्हा वापरता येते. आणि कॅमेरा वापरात ठेवावा. महिनोन्‌महिने पडून राहिलेल्या शटरचे तेल घट्ट होते आणि सावकाश वेग अडखळू लागतात. विसर्जन मिरवणुकीत जाणाऱ्यांनी गुलालाची भीती पाण्याइतकीच बाळगावी. लेन्सवर फिल्टर असावा, आणि मिरवणुकीत रोल बदलायची वेळ आली तर एखाद्या इमारतीच्या जिन्यात जाऊन बदलावा.

रोल धुणे

रंगीत रोल मी लॅबला देतो, कारण त्या प्रक्रियेत डेव्हलपरचे, म्हणजे फिल्मवरचे चित्र उमटवणाऱ्या रसायनाचे, तापमान ३७.८ अंशांवर स्थिर ठेवावे लागते. देताना निगेटिव्ह न कापता परत हव्यात, असे पाकिटावर लिहून द्यावे. एका लॅबने माझ्या एका रोलचे सलग पाच फोटो मधोमध कापून परत दिले होते, आणि तेव्हा मी असे काही लिहिलेले नव्हते.

कृष्णधवल रोल मात्र घरीच धुवावा. एचपी५ प्लस ४०० वर काढली असेल तर आयडी-११ हा डेव्हलपर पाण्याने एकास एक पातळ करून २० अंशांना १३ मिनिटे लागतात. अडचण २० अंशांची आहे, कारण उन्हाळ्यात आमच्या नळाचे पाणी त्याहून बरेच गरम असते. घमेल्यात पाणी घेऊन त्यात बर्फाच्या पिशव्या सोडाव्यात आणि डेव्हलपर, फिक्सर (चित्र पक्के करणारे रसायन) व धुण्याचे पाणी यांच्या बाटल्या त्यात अर्धा तास ठेवाव्यात. बर्फ थेट रसायनात टाकू नये. तिन्ही द्रव एकाच तापमानाला असणे हे अचूक २० अंशांइतकेच महत्त्वाचे आहे. शेवटच्या धुण्याला फिल्म असलेली लहान बंद टाकी पाण्याने भरून पाच वेळा उलटी करावी, पाणी बदलून दहा वेळा, पुन्हा बदलून वीस वेळा. यात पाणी कमी लागते, आणि नळाला पाणी ठरावीक वेळीच येणाऱ्या घरात ही सोय मोठी आहे.

वाळत घालण्यापूर्वी न्हाणीघरात दहा मिनिटे गरम पाणी सोडून वाफ करावी, म्हणजे हवेतली धूळ खाली बसते. मग पंखा बंद ठेवून, दार लावून, खाली चिमट्याचे वजन देऊन फिल्म रात्रभर टांगावी. सकाळी ती सहा-सहा फोटोंच्या पट्ट्यांत कापावी आणि पाकिटावर तारीख, लेन्स आणि जागा लिहावी. मी त्यासोबत, जे फोटो अंदाजाने फोकस केले होते त्यांचे अंतरही लिहितो: "तांबट आळी, ३५, दोन मीटर धरले, निघाले दीड."